गिरगावातली जर्मन

“डेर झोने,” आतल्या खोलीत माझी नात म्हणाली, आणि बाहेर पेपर वाचत बसलेला मी ओरडलो, “डी! डी झोने! बाई आहे ती.”

“आजोबा, सूर्य बाई कसा असेल?”

“कसा नाही, कशी.”

ती हसली आणि पुन्हा पाठ करायला लागली. पुढच्या आठवड्यात तिची परीक्षा आहे. तिला जर्मनीत शिकायला जायचंय, म्हणून ती दादरच्याच एका क्लासात जर्मन शिकते. मार्च लागल्यापासून आमच्या घरातल्या प्रत्येक वस्तूला लिंग फुटलंय. टेबल पुरुष, दिवा बाई, पुस्तक ना हे ना ते. खाली गल्लीत आंब्याच्या पहिल्या पेट्या उतरतात, समोरच्या गच्चीत कुणीतरी साबुदाण्याच्या पापड्या वाळत घातल्यात, आणि मधूनच आतून ती तिन्ही लिंगांची माळ ऐकू येते. मग माझं पेपरातलं लक्ष उडतं. मी कुठल्या वर्षात बसलोय, हे मला काही वेळ नीट कळेनासं होतं.

मी जर्मन शिकलो ते ज्या महिन्यांत, त्या महिन्यांत मुंबईत भाषेसाठी माणसं मरत होती. मराठीसाठी. आणि मी रोज सकाळी लालबागहून गिरगावात चालत जाऊन दुसऱ्याच भाषेतले शब्द घोकत होतो. याचा अर्थ काय लावायचा, ते मला तेव्हा कळलं नव्हतं. आता कळलंय असंही नाही.

आमची खोली लालबागला, चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर. वडील आणि दादा, दोघेही एकाच गिरणीत सांच्यावर, म्हणजे मागावर. वडलांची छाती कापसाने भरली तेव्हा ते मालवणकडच्या आमच्या गावी निघून गेले, आणि घर दादावर आलं. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. त्याने मला कॉलेजात घातलं, कापडाच्या रंगाईचं शास्त्र शिकायला लावलं. “मी कापड विणतंय, तू रंगव,” म्हणायचा. शेवटच्या वर्षात आमच्या प्राध्यापकांनी एक दिवस बोलावून सांगितलं, जर्मनीशी विद्यार्थ्यांची अदलाबदल आहे. त्यांचा एक इकडे येणार, आपला एक तिकडे जाणार. रंगाई शिकायची तर तिथेच. पण आधी भाषा यायला हवी, मार्चमध्ये तोंडी परीक्षा आहे. मग चिठ्ठीवर एक पत्ता लिहून दिला. ठाकूरद्वारजवळची एक इमारत, दुसरा मजला.

तिथे मार्थाबाई राहायच्या. इमारतीतले सगळे त्यांना ‘जर्मन बाई’ म्हणायचे. पन्नाशीच्या, उंच, पाठीला जरा बाक. त्यांच्या वडलांचं तिकडे कापडाचं दुकान होतं, म्हणून रंगाईतले शब्द त्यांना बरोबर ठाऊक असतील, असं प्राध्यापक म्हणाले होते. बाकीचंही त्यांनीच सांगितलं. बाई ज्यू. तिकडे त्यांना सांगण्यात आलं, तू जर्मन नाहीस, चालती हो. आल्या त्या मुंबईला आल्या. मग युद्ध लागलं, आणि इथल्या गोऱ्या पोलिसांनी त्यांचं नाव लिहून घेतलं. जर्मन आहेस, दर आठवड्याला चौकीत येऊन सही कर. बाईंनी स्वतः यातलं एक अक्षर मला कधी सांगितलं नाही. त्या फक्त व्याकरण सांगायच्या. चूक झाली की बोटाच्या पेराने टेबलावर दोनदा टकटक करायच्या, आणि थांबायच्या. बरोबर उत्तर येईपर्यंत थांबायच्या.

वीस वर्षं गिरगावात राहून त्यांनी मराठी उचललं होतं ते सगळं भाजीवाल्यांकडून. त्यामुळे त्यांच्या मराठीत क्रियापदं होती ती फक्त हुकूम सोडायला. “ठेव.” “बस.” “जास्ती नको.” “उद्या ये.” मला पहिल्या दिवशी दार उघडून त्या म्हणाल्या, “चप्पल काढ. हात दाखव.” हात स्वच्छ आहेत असं बघून मगच पुस्तकाला हात लावू दिला.

मला जर्मनची भीती वाटली नाही याला कारण आई. पहिल्याच आठवड्यात मी घरी येऊन वैतागून म्हणालो होतो, “आये, त्यांच्यात मुलगी नपुंसकलिंगी आहे. दास मेडशेन. ते मुलगी.”

आई चुलीपुढे बसून सोलकढीसाठी नारळाचा रस पिळत होती. वर न बघता म्हणाली, “मगे? आमच्यात काय येगळा आसा? ता चेडू. चेडू खंय गेला? तसाच तां.”

मी बघतच राहिलो. खरंच होतं. आमच्या मालवणीत मुलीला चेडू म्हणतात, आणि तेही ‘ती’ नव्हे, ‘ते’. शाळेतल्या मास्तरांनी आमच्या या बोलीला अशुद्ध म्हणून छड्या मारल्या होत्या, आणि इथे ती जाऊन जर्मनच्या मांडीला मांडी लावून बसली होती. दुसऱ्या दिवशी मी हे बाईंना सांगितलं. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला, “चेडू, चेडू,” आणि त्या पहिल्यांदा हसल्या.

बाहेर मात्र त्या दिवसांत कुणी फारसं हसत नव्हतं. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, असं दिल्लीहून ठरून आलं होतं आणि अख्खं गिरणगाव रस्त्यावर उतरलं होतं. दादा त्यात पुढे होता. गिरणी सुटली की तो घरी न येता सभेला जायचा, आवाज बसवून परत यायचा. “मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे” ही घोषणा त्याच्या तोंडून मी इतकी ऐकली, की एकदा धड्यात जर्मन वाक्य म्हणताना मी त्याच चालीवर म्हणालो आणि बाईंची टकटक ऐकू आली. मला गंमत वाटायची ती वेगळीच. घोषणा शुद्ध मराठीत. देणारे गळे मालवणी, घाटी, कोल्हापुरी. ज्या भाषेसाठी दादा ओरडत होता, ती आमच्या घरात कुणी बोलत नव्हतं. मी हे त्याला बोलून दाखवलं तर तो म्हणाला, “तुका शिकान काय उपेग? घर आपला आसा, तां आधी घेऊया. मगे खयच्या खोलयेत कोण निजता तां बघू.”

आणि आणखी एक गोष्ट. आमच्या चाळीखाली कांतीभाई या गुजराती वाण्याचं दुकान होतं. चाळीतली निम्मी पोरं त्यांच्या गुळाच्या खड्यावर वाढलेली. त्या धामधुमीत एक दिवस त्यांच्या दुकानाच्या फळ्या लागल्या त्या लागल्याच. फळ्यांवर कुणीतरी डांबराने शिवी लिहिली. आम्ही त्यावरून जात-येत होतो. सामान दुसऱ्या दुकानातून आणत होतो.

आता तो दिवस सांगतो. शहरात गोळीबार चालू होता, ट्राम बंद होत्या, आणि माझी परीक्षा दोन महिन्यांवर आली होती. मी सकाळी निघालो तशी आई दारात आडवी आली. दादा म्हणाला, “मी पण थयच जातंय. सोबत जाऊ.” दोघे भायखळ्यावरून चालत निघालो. रस्त्यावर विटांचे तुकडे, उलटलेल्या हातगाड्या, दिव्यांच्या काचा. दादा मला वाटेत जर्मनमध्ये आकडे म्हणायला लावत होता, आणि चुकीचा असला तरी “शाबास” म्हणत होता. ठाकूरद्वारच्या नाक्यावर गर्दी दिसायला लागली. तिथे तो थांबला.

“तू वर जा,” म्हणाला. “माका हयच थांबाक होया.”

मी जिना चढलो. तो गर्दीकडे गेला. इतकंच घडलं. कुणी कुणाला मागे वळून पाहिलं नाही.

आमचा धडा चालू होऊन अर्धा तास झाला असेल. आधी घोषणा, मग पळापळ, मग फटाफट आवाज. मी फटाके समजलो. बाई समजल्या नाहीत. त्यांनी उठून खिडकी लावली आणि माझी खुर्ची भिंतीच्या आडोशाला सरकवली. पाच-दहा मिनिटांनी जिन्यावर बुटांचे आवाज आले. दगड मारणारे वर शिरलेत म्हणून पोलीस प्रत्येक मजला तपासत होते. बाईंचा चेहरा मी तेव्हा पाहिला. तो भ्यालेला म्हणावा तर भ्यालेला नव्हता; ओळखीचं कुणीतरी आलं असावं, तसा होता.

दार उघडावं लागलं. एक फौजदार, दोन शिपाई. माझ्या सदऱ्यावर भायखळ्यापासूनची धूळ, वय एकवीस. फौजदाराने विचारलं, “हा कोण?”

“माझा विद्यार्थी,” बाई इंग्रजीत म्हणाल्या. “त्याचा धडा चालू आहे.”

“आजच्या दिवशी? कसला धडा?”

बाई खुर्चीत बसल्या. टेबलावर दोनदा टकटक केली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “डेर?”

“डेर, डेस, डेम, डेन,” मी म्हणालो.

“डी?”

“डी, डेर, डेर, डी.”

“दास?”

“दास, डेस, डेम, दास.”

माझा आवाज उंच, फाटलेला. फौजदार ऐकत होता. एका म्हाताऱ्या शिपायाला मी काहीतरी स्तोत्र म्हणतोय असं वाटलं असावं. तो पायातल्या बुटांकडे बघून जरा मागे सरकला. बाईंनी अनेकवचनाच्या विभक्त्याही म्हणायला लावल्या. मग फौजदार “ठीक आहे” असं काहीतरी पुटपुटला आणि बूट वरच्या मजल्यावर गेले.

दार लावून बाई मोरीत गेल्या. नळ सोडल्याचा आवाज आला आणि बराच वेळ येतच राहिला. बाहेर आल्या तेव्हा त्यांचे हात कोपरापर्यंत ओले होते. खुर्चीत बसून म्हणाल्या, “चतुर्थीत तू अडखळलास. पुन्हा.”

मी पुन्हा म्हणालो. त्याच वेळी खाली, फार तर शंभर पावलांवर, दादा रस्त्यावर पडला होता.

तो आम्हाला दुसऱ्या दिवशी दुपारी सापडला, इस्पितळाच्या व्हरांड्यात, जमिनीवर घातलेल्या गादीवर. गोळी डाव्या गुडघ्यातून आरपार गेली होती. आईने त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि तशीच बसून राहिली. सांच्यावर आठ तास उभं राहणाऱ्याचा गुडघा गेला म्हणजे काय गेलं, ते तिथे कुणी कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

दादाने माझ्याकडे बघून विचारलं, “परीक्षा कधी आसा?”

“मी जावचंय नाय,” मी म्हणालो.

“गप. गोळी माका लागली, तुका नाय.”

हे वाक्य त्याने मला धीर द्यायला म्हटलं होतं. मी ते आयुष्यभर निरनिराळ्या पद्धतींनी ऐकत आलोय.

मार्चमध्ये परीक्षा झाली. तीन परीक्षक होते, एक जर्मन, दोन आपले. जर्मन गृहस्थाने हसत विचारलं, “तुमची मातृभाषा कोणती?” त्यांच्या भाषेतही तो शब्द असाच आहे, आईची भाषा. मी “मराठी” म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात आई दिसली, नारळ पिळत “ता चेडू” म्हणणारी, आणि वाटलं, मी हे बरोबर सांगतोय का? व्हरांड्यातला दादा दिसला आणि वाटलं, दुसरं काही सांगायचा मला हक्क आहे का? अडखळलो तशी परीक्षकांना वाटलं मला प्रश्न कळला नाही. त्यांनी तो पुन्हा सावकाश विचारला, आणि मी “मराठी” म्हणालो. मी पास झालो.

निघण्याआधी बाईंना गावाचं नाव सांगायला गेलो. जर्मनीच्या दक्षिणेकडचं, कापडाच्या गिरण्यांचं एक छोटं गाव, तिथल्या शाळेत मला घातलं होतं. नाव ऐकून बाईंनी समोरचं पुस्तक मिटलं. मग म्हणाल्या, “तिथे थंडी आहे. लोकरीची विजार घे.” एवढंच.

बोटीने गेलो, मग आगगाडीने. गावात पोचलो तेव्हा रस्त्यावर सफरचंदांचा सडा होता आणि ती कुणी उचलत नव्हतं. केलर नावाच्या एका विधवा बाईंच्या घरी माझी सोय झाली होती. केलरबाई ठेंगण्या, गोऱ्या-लाल, सतत काहीतरी ढवळत असलेल्या. पहिल्या रात्री त्यांनी मला मसुराची आमटी आणि अंड्याच्या जाड शेवया वाढल्या. आमटीत व्हिनेगर. मला ते सगळं ओळखीचं वाटत होतं आणि काहीच ओळखीचं वाटत नव्हतं. पंधरा दिवसांत मला ताप भरला, तर त्या माझ्या उशाशी बसल्या. पायमोजे विणून दिले. माझ्या आईला पत्र लिहायला लावायच्या आणि खाली स्वतःची सही करायच्या. आणि तिकडे, माझ्या बदल्यात आलेला त्यांचा उंच सोनेरी विद्यार्थी रविवारी लालबागला आमच्या खोलीत मांडी घालून माशाचं कालवण खातो, असं दादाने कळवलं. आई त्याला ‘वसंतो’च म्हणते, कारण त्याचं नाव तिला घेता येत नाही. वसंत माझं नाव. ते पत्र वाचून मला हसू आलं आणि मग कुणीतरी माझी जागा मोजून घेतल्यासारखं वाटलं.

एका सकाळी मी केलरबाईंना सोलायला बटाटे मागितले. बटाट्याला पुस्तकातला शब्द कार्टोफेल. मी म्हणालो ग्रुंडबिर्न, कारण मार्थाबाईंनी मला तोच शिकवला होता. जमिनीतलं नासपतीचं फळ, असा त्याचा अर्थ.

केलरबाई चमकल्या. “हा शब्द तुम्हाला कुणी शिकवला? हा आमच्या गावाकडचा. आता आमची पोरंसुद्धा म्हणत नाहीत.”

“माझ्या बाईंनी. मुंबईत.”

“नाव काय त्यांचं?”

“मार्था.”

त्यांनी सुरी खाली ठेवली. “उंच? चूक झाली की टेबलावर टकटक करते?”

मी मान हलवली.

“शाळेत आम्ही एका बाकावर होतो,” त्या म्हणाल्या. “चर्चशेजारचं कापडाचं दुकान त्यांचं. माझ्या लग्नाचं कापड तिथलंच.” चुलीवरचं पाणी उकळून कमी व्हायला लागलं. “एक दिवस दुकानाला कुलूप दिसलं. आम्ही विचारलं नाही.”

“का नाही विचारलं?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. “तुमच्याकडे विचारतात का?” त्यांनी विचारलं.

मला वाटतं तो त्यांचा खरोखरचा प्रश्न होता. दूरच्या देशात लोक काय करतात, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे कांतीभाईंच्या फळ्या आल्या आणि त्यावरचं डांबर. दोन गोष्टी सारख्या नव्हत्या, हे मला तेव्हाही कळत होतं. तिकडे माणसं जाळली गेली होती. इथे आमच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. आमचं मागणं न्यायाचं होतं, आणि माझा भाऊ त्यात कायमचा अधू झाला होता. तरी मी बटाटे सोलत राहिलो.

त्या दिवशी मी दोन पत्रं लिहिली. एक दादाला, कांतीभाई कुठे आहेत म्हणून. दुसरं मार्थाबाईंना. केलरबाईंनी सांगितलं होतं, माझा नमस्कार कळवा. तो मी मोठ्या आनंदाने कळवला. त्यांची मैत्रीण जिवंत आहे, त्यांना विसरलेली नाही, हे सगळं माझ्या सर्वांत चांगल्या जर्मनमध्ये, एकही लिंग न चुकवता लिहिलं.

दादाचं उत्तर आधी आलं. “तू विचारलंस म्हणून शोधत गेलो. शीवला मेव्हण्याकडे होते. मला कुबडीवर बघून तेच रडायला लागले. फळ्या आम्ही चौघांनी घासून काढल्या. दुकान दिवाळीला उघडलं. हे आधी आपल्याला सुचायला हवं होतं.”

मार्थाबाईंचं उत्तर महिन्याने आलं. एकच ओळ, आणि ती इंग्रजीत. कृपया तिथून माझ्यासाठी कुणाचे नमस्कार आणू नयेत.

मी तो कागद खिशात घालून खूप फिरलो. बर्फ पडत होता. केलरबाई वाईट होत्या का? माझ्या तापात ज्या हाताने त्यांनी कपाळावर पट्ट्या ठेवल्या, तोच हात तेव्हा खिशात राहिला होता. मी त्यांचं घर सोडायला हवं होतं का? मी सोडलं नाही. त्या संध्याकाळी घरी गेलो आणि त्यांनी वाढलेलं जेवलो. उत्तर काय आलं, हे त्यांनी कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. दोन वर्षं आम्ही एकमेकांशी फार प्रेमाने वागलो.

परत आलो तेव्हा दादा चाळीतल्या वाचनालयात बसायला लागला होता. गिरणी सुटली की कामगार यायचे आणि तो त्यांना पेपर मोठ्याने वाचून दाखवायचा. लढा अजून चालूच होता. माझं बोलणं ऐकून एक दिवस तो म्हणाला, “तू मधीच थांबतंस कित्याक रे? वाक्य पुरा कर मा.” त्याचं खरं होतं. मी क्रियापदाची वाट बघत थांबत होतो. कुठल्या भाषेतलं येणार, याची.

मार्थाबाईंकडे जायला मला आठ दिवस लागले. काय बोलायचं ते ठरत नव्हतं. त्यांनी दार उघडलं, “चप्पल काढ” म्हणाल्या, चहा केला. पत्राचा विषय नाही, गावाचा नाही. मी रंगाईबद्दल बोलत होतो, त्या ऐकत होत्या. निघायला उठलो तेव्हा म्हणाल्या, आणि जर्मनमध्ये म्हणाल्या, “तिने तुला खायला काय घातलं?”

मी सांगायला लागलो. मसुराची आमटी. शेवया. कांद्याची भाकरीसारखी काहीतरी खारी. त्यांनी मला परत बसवलं.

“आमटीत व्हिनेगर घालते?”

“हो.”

“किती?”

“खूप. दात आंबतात.”

“तिच्या आईचंही तसंच होतं,” त्या म्हणाल्या. “आम्ही हसायचो.” आणि मग मला एकेक पदार्थ विचारत, तो कसा कापला, कशात तळला, वर काय पेरलं, असं करत त्यांनी मला दोन तास बसवून ठेवलं. ही माफी होती, की भूक, की आणखी काही, मला सांगता येणार नाही. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

राज्य झालं त्याच उन्हाळ्यात बाईंना झटका आला. त्यांच्या शेजारणीने निरोप पाठवून मला परळच्या इस्पितळात बोलावलं. “इंग्रजी गेलं हो त्यांचं,” ती म्हणाली, “मराठीपण गेलं. काय बोलतात कुणालाच कळत नाही.” बाहेर रस्त्यावर अजून तोरणं होती, आमच्या लालबागेत तर घराघरावर कंदील, दादा काठी टेकत पेढे वाटत फिरला होता. आत खाटेवर बाई लहानशा झालेल्या. उरलं होतं ते फक्त जर्मन, आणि तेही पुस्तकातलं नव्हे. शाळेच्या बाकावरचं, अंगणातलं. मी तीन दुपारी त्यांच्यापाशी बसलो. पाणी, उशी, खिडकी, पाय दुखतो. मी नर्सला मराठीत सांगायचो आणि ती करायची. जे शिकायला मी समुद्र ओलांडून गेलो, त्याचा मला एवढा उपयोग पुन्हा कधी झाला नाही.

त्या मला ओळखत नव्हत्या. तिसऱ्या दुपारनंतर बोलल्याच नाहीत, आणि दोन दिवसांनी गेल्या. पण त्या तिसऱ्या दुपारी, चारच्या सुमाराला, त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे नीट पाहिलं. बाहेर खेळणारं एखादं परकं पोर ओट्यावर येऊन बसावं आणि घरातल्या बाईने त्याला विचारावं, तसं त्यांनी विचारलं, “वेम ग्हॉर्श डू?”

केलरबाईंच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या लहान पोरांना हेच विचारायच्या. तू कोणाचा रे? शब्दशः पाहिलं तर, तू कोणाच्या मालकीचा?

इतक्या वर्षांत एवढा सोपा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मग आमच्या गावाकडे जसं सांगतात तसं, वडलांचं नाव घेऊन, मी सांगितलं. जर्मनमध्ये, पण चाल मालवणी. “आत्माराम घाड्यांचा. लालबागच्या.”

त्यांनी थोडा विचार केला. “लांब आहे?”

“नाही. इथून दहा मिनिटं.”

“मग बसलायस काय?” त्या म्हणाल्या. “घरी जा. आई शोधत असेल.”

नर्सने विचारलं, “काय म्हणाल्या?”

मी तिला सांगितलं. ती म्हणाली, “जा मग. मी आहे इथे.”

मी उठलो आणि घरी गेलो.